बोटीवर बॅटरी चार्ज होत नाही, इन्व्हर्टर बोंबलतो: नवीन बॅटऱ्या घ्यायच्या आधी हे तपासा

पहाटेचे साडेतीन, बोट अँकरवर, इन्व्हर्टर टीं टीं टीं करतोय, फ्रिज बंद पडलाय आणि बॅटरी मॉनिटर मात्र छातीठोकपणे सांगतोय ८२ टक्के. ज्याने हे भोगलंय त्याला पुढचं सांगायला नको. माणूस डोळे चोळत उठतो, बॅटऱ्यांना शिव्या घालतो आणि तिथल्या तिथे नव्या बॅटऱ्यांचा हिशोब मांडायला लागतो. मी पण तेच केलं होतं, अख्खी बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्या, बदलली. चार दिवस एकदम झकास, पाचव्या रात्री परत टीं टीं टीं. मग वैतागून इंजिन चालू केलं, चार्जिंग सुरू असतानाच बॅटरी स्विचच्या मागे हात घातला तर एक लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची जोडणी) इतका तापलेला की बोट टेकवता येईना (हाताचं बोट हो). सगळं बंद करून, थंड झाल्यावर हीटश्रिंक, म्हणजे वरून तापवून आवळलेली प्लॅस्टिकची नळी, कापलं तर आतून हिरवी पूड सांडली आणि केबलच्या निम्म्याहून जास्त तारा कुजून तुटलेल्या. लग कापला, केबल चांगलं तांबं लागेपर्यंत मागे सोलली, नवीन लग क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, अर्ध्या तासाचं काम. जुन्या बॅटऱ्या तोवर भंगारात गेल्या होत्या आणि त्या बहुतेक धडधाकट होत्या.

तर खाली जे लिहिलंय ते त्या धड्यातून आलेलं आहे. क्रम मुद्दाम असाच ठेवलाय, बॅटरीपासून सुरू करून बाहेर बाहेर जायचं, उड्या मारायच्या नाहीत.

हाताशी काय लागेल

एक बरा डिजिटल मल्टिमीटर, आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. क्लॅम्प मीटर घेताना डीसी अँपिअर मोजतो का ते नीट बघा, कारण बरेच स्वस्तातले फक्त एसी मोजतात आणि ते इथे निम्म्या कामाला निरुपयोगी. दोन लांब वायरी क्रोकोडाइल क्लिप लावून तयार ठेवा, इंजिनपासून बॅटरी लॉकरपर्यंत पोचतील एवढ्या, त्यांच्याशिवाय खाली सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची टेस्ट होणारच नाही.

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण पाना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवर एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच वेल्ड होतो, अंगठी असेल तर बोटासकट. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत तो ४ टक्क्यांपर्यंत गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, त्यामुळे लॉकर उघडून थोडा वेळ वारा लागू द्या आणि मगच हात घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर तपासणी वगैरे राहू द्या, आधी चार्जिंगचे सगळे सोर्स बंद करा, एखादा सेल गेलेला असतो आणि ती बॅटरी उकळत असते.

आणि हो, इन्व्हर्टरच्या आउटपुटला आणि शोअर पॉवरला (किनाऱ्यावरून केबलने बोटीत घेतलेली वीज) १२० किंवा २३० व्होल्ट असतात. तिथे सवय नसेल तर माहीतगार माणूस बोलवा, ह्यात कमीपणा काही नाही.

आधी कागदावर काढा

कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे ही पायरी गाळतात. बॅटरी बँक, मेन फ्यूज, स्विच, बसबार (बऱ्याच केबली एकत्र जोडायची धातूची पट्टी), शंट (करंट मोजायचा तुकडा), अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा), चार्जर, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर, कुठली केबल कुठून कुठे जाते ते हाताने केबल धरून माग काढत काढत लिहा. जुन्या बोटीवर आधीच्या तीन मालकांनी आपापल्या परीने वायरिंग केलेलं असतं आणि एक तरी वायर अशी सापडते जी कुठेच जात नाही, किंवा जिथे जायला नको तिथे जाते. बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (बॅटरीच्या स्वतःच्या खुंटीवर) थेट किती वायरी बसवल्यात ते खास मोजून ठेवा, मॉनिटरच्या भागात ते कामाला येईल.

बॅटरी मुळात जिवंत आहे का

सगळे लोड आणि चार्जिंग बंद करून निदान चार-सहा तास थांबा, मग थेट बॅटरीच्या पोस्टवर प्रोब टेकवून व्होल्टेज बघा. लगवर नाही, पोस्टवर. साध्या लेड-ॲसिडला १२.७ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली बंद बॅटरी) थोडं वर दाखवते. चार्जर बंद केल्या केल्या १३ दिसतात ते खरे नाहीत, तो वरवरचा चार्ज असतो, थांबायला वेळ नसेल तर पाच-दहा मिनिटं दिवे लावून तो उतरवा आणि मग मोजा.

पॅरलल बँक असेल तर प्रत्येक बॅटरी सुटी करून रात्रभर ठेवा. जोडलेल्या असताना सगळ्या एकच आकडा दाखवतात आणि त्यातली एक मेलेली बाकीच्यांना गुपचूप खात असते. सकाळी तिघी १२.६ आणि एक १०.५ असेल तर तिचा एक सेल शॉर्ट झालाय, तिला बाहेर काढा, बाकीच्यांचे हाल थांबतील.

पाणी घालायच्या बॅटऱ्या असतील तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरसारखं खरं बोलणारं दुसरं काही नाही. फुल चार्ज सेल १.२६५ ते १.२८० च्या मध्ये, आणि एकाच बॅटरीच्या सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक आला तर तो सेल संपत आलाय. पाणी फक्त डिस्टिल्ड घालायचं, आणि प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्ज पूर्ण झाल्यावरच घालायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगला ॲसिड वर येऊन बाहेर सांडतं.

व्होल्टेज बरोबर पण दोन तासात बॅटरी आडवी होते अशी तक्रार असेल तर कपॅसिटी टेस्ट करा. १०० अँपिअर-तासाची बॅटरी फुल चार्ज करून तिला ५ अँपिअरचा लोड लावा, १०.५ व्होल्टला यायला नवीन असताना साधारण २० तास लागतात. १६ तासांच्या खाली म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली, कागदावर तिचं आयुष्य संपलं. मी स्वतः तरी ६०-६५ टक्क्यांपर्यंत ओढतो, पण लांबच्या पॅसेजला निघण्याआधी नाही. टेस्ट झाली की लगेच परत फुल चार्ज करा, तशीच ठेवली तर सल्फेशन होऊन (प्लेटांवर सल्फेटचा थर जमून) टेस्टनेच बॅटरी मारल्यासारखं होईल.

व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे खरा चोर

सगळ्या लेखातलं एकच वाचायचं असेल तर हे वाचा.

बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवून केबल चेक करतात, शून्य दाखवलं की केबल चांगली म्हणून मोकळे. १९ तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी मीटर शून्यच दाखवणार, कारण मीटर त्यातून नखभर करंट सोडतो. माझ्या त्या कुजक्या लगचा रेझिस्टन्स होता जेमतेम १२ मिलिओहम, साध्या मीटरला तो दिसणंच शक्य नव्हतं. पण त्यातून ६० अँपिअर गेले की ०.७ व्होल्ट तिथेच जळत होते, आणि ०.७ गुणिले ६० म्हणजे ४२ वॉट. साधा सोल्डरिंग आयर्न तेवढ्याचाच असतो. म्हणजे माझ्या बॅटरी स्विचच्या मागे, प्लायवूडला चिकटून, एक सोल्डरिंग आयर्न कायम चालू होता आणि मी बॅटऱ्यांना दोष देत बसलो होतो.

म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना. बॅटरी थोडी उतरलेली असू द्या म्हणजे ती भरपूर करंट घेईल, इंजिन चालू करून अल्टरनेटर जोरात चालू द्या. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह स्टडवर (केबल बसते त्या बोल्टवर), दुसरा त्या लांब वायरीने बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर. दोन्ही पॉझिटिव्हच, घाबरू नका, मीटरला काही होत नाही. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. मग तसंच निगेटिव्हचं, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टपर्यंत, आणि ही बाजू लोक हमखास विसरतात, इंजिन ब्लॉकची अर्थिंगची पट्टी गंजलेली असते आणि कोणी बघतच नाही. लांब वायरी ओढताना बेल्ट आणि पुलीपासून लांब ठेवा, गुंडाळली गेली तर मीटर तर जाईलच, हात पण जाऊ शकतो.

दोन्ही बाजू मिळून पाव व्होल्टच्या आत असेल तर छान. अर्धा व्होल्ट म्हणजे शोधायलाच हवं. शोधायचं कसं, तर निम्मं निम्मं करत. एक प्रोब अल्टरनेटरवर तसाच ठेवून दुसरा आधी बसबारवर, मग स्विचच्या अलीकडे, मग पलीकडे, मग फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे असं सरकत जा, जिथे आकडा एकदम उडी मारेल तिथेच गाठ आहे. कधी लग, कधी स्विचच्या आतला कॉन्टॅक्ट, कधी फ्यूज होल्डर, कधी फक्त ढिला नट. नट आवळून आकडा खाली आला तरी तो जोड उघडून बघा, ढिल्या जोडात आर्किंग होऊन पृष्ठभाग काळा पडलेला असतो, तो घासून चकचकीत केल्याशिवाय परत तेच होणार. वॉशर लगच्या वर हवा, लग आणि स्टडच्या मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला मी किती बोटींवर पाहिलाय त्याला गणती नाही, तांब्याच्या मानाने स्टेनलेस म्हणजे करंटच्या रस्त्यात घातलेला धोंडा.

नवीन लग लावताना टिन केलेली (कथिलाचा थर दिलेली) केबल वापरा, हातोड्याने ठोकून नाही तर चांगल्या क्रिंपरने दाबा, आणि वरून आत डिंक असलेलं हीटश्रिंक. खाऱ्या हवेत साधं तांबं केशाकर्षणाने ओलावा आत ओढून घेतं आणि लगपासून वीतभर आतपर्यंत काळं पडतं.

इंजिन चालतंय पण चार्ज येत नाही

आधी बेल्ट. आजूबाजूला काळी भुकटी पडली असेल तर तो घसरतोय. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा, साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, त्याहून जास्त लोंबतोय तर आवळा.

मग बॅटरीवर मीटर लावून इंजिन चालू करा. बंद असताना १२.४ होता आणि चालू झाल्यावर आरपीएम वाढवला की हळूहळू १३.५ च्या वर सरकायला लागला तर अल्टरनेटर जिवंत आहे. हललाच नाही तर चावी ऑन करून, इंजिन बंद ठेवून पॅनेलवरचा बॅटरीचा लाल दिवा बघा. तो लागलाच पाहिजे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचं एक्सायटेशन, म्हणजे आतला चुंबक जागा करायचा करंट, त्या दिव्याच्या वायरीतूनच मिळतं, त्यामुळे दोन दमडीचा बल्ब गेला की अख्खा अल्टरनेटर गप्प बसतो. कधी कधी इंजिन एकदा जोरात रेस केलं की जागा होतो, तसं झालं तर दोष नक्की तिथेच आहे. दिवा लागतोय तर एक गावठी टेस्ट करा, चावी ऑन, इंजिन बंद, लोखंडी स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या, चुंबकासारखा खेचला गेला म्हणजे फील्डमध्ये (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीत) करंट पोचतोय. खेचला नाही तर ब्रश, रेग्युलेटर किंवा फील्डची वायर.

करंट येतो पण निम्माच, आणि एक किणकिणता आवाज येतो, रेडिओत घरघर ऐकू येते, असं असेल तर डायोड, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या एसीचं डीसी करणारे भाग. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह स्टड आणि बॉडीमध्ये मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर एखादा डायोड उडालाय. काही मीटर एसी मोडवर डीसीलाच फसून भलताच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर लावून बघा, तिथे शून्य आला तरच त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि डायोड उडतात कशाने? इंजिन चालू असताना कोणीतरी मेन बॅटरी स्विच ऑफकडे फिरवतो, करंटला जायला जागा राहत नाही, व्होल्टेज क्षणात आभाळाला भिडतं आणि खेळ खलास. स्विचवर ठळक चिठ्ठी चिकटवा, पाहुणे वाचतात.

जुन्या बोटींवर इंजिनची आणि घरगुती बॅटरी वेगळी ठेवायला डायोडवाला आयसोलेटर असतो, फिन असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याच्यात ०.६-०.७ व्होल्ट कायमचे जातात. अल्टरनेटर १४.२ देतो, बॅटरीला मिळतात १३.५, आणि १३.५ वर लेड-ॲसिड कधीच पुरती भरत नाही. दोष कोणाचाच नाही, डिझाइनच तसं. अल्टरनेटरची सेन्स वायर थेट बॅटरीला न्या किंवा तो ठोकळा काढून व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा.

एक मात्र लक्षात घ्या, १०० अँपिअरचा अल्टरनेटर आहे आणि क्लॅम्प मीटर १५ च दाखवतोय ही तक्रार निम्म्या वेळा तक्रारच नसते. लेड-ॲसिड ८० टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःच करंट घ्यायचा कमी करते, शेवटचे २० टक्के भरायला काही तास लागतात आणि कितीही मोठा अल्टरनेटर आणला तरी त्यात फरक पडत नाही. व्होल्टेज १४.४ आणि करंट कमी असेल तर बॅटरीचं पोट भरत आलंय. व्होल्टेज १३.२ आणि करंट पण कमी, तेव्हा काळजी करा.

शोअर पॉवरचा चार्जर

चार्जर मुकाट असेल तर आधी एसी पोचतोय का ते बघा. बोटीच्या बाजूचा इनलेट सॉकेट शोअर पॉवर काढल्यावर उघडून पिना बघा, एखादी तपकिरी किंवा काळी पडली असेल, प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसत असेल तर ती पिन आणि प्लग दोन्ही बदलायचे, एकच बदलून भागत नाही. बोटींना आग लागायचं हे एक नेहमीचं ठिकाण आहे.

चार्जर चालू आहे पण बॅटरी कायम अर्धपोटी, तर सेटिंग. जेलला ॲबसॉर्प्शन (बॅटरी पुरती भरायचं व्होल्टेज) साधारण १४.१-१४.२, एजीएमला १४.४ ते १४.७, पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८, फ्लोट (भरल्यावर नुसतं टिकवायचं व्होल्टेज) सगळ्यांना १३.५ च्या आसपास, पण शेवटी बॅटरीच्या कंपनीने पत्रकात दिलंय तेच खरं. इक्वलायझेशन, म्हणजे १५.५ वगैरेला नेणं, फक्त पाण्याच्या बॅटऱ्यांना, जेलला आणि लिथियमला चुकूनही नाही.

टेंपरेचर सेन्सर कुठे चिकटवलाय ते बघाच. लेड-ॲसिडच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमान वाढेल तसं चार्जर दर डिग्रीला साधारण ३० मिलिव्होल्ट कमी करतो. सेन्सर बॅटरीवरून निसटून इंजिनच्या बाजूला लोंबत असेल आणि तिथे २० डिग्री जास्त असेल तर चार्जर १४.४ ऐवजी १३.८ च देणार, तुम्ही महिनाभर मरिनात उभे राहिलात तरी बॅटरी तृप्त होणार नाही.

छोट्या पोर्टेबल जनरेटरवर चार्जर लावला की जनरेटर गचके खातो, ह्याचं कारण साधं आहे. ५० अँपिअरचा चार्जर म्हणजे ५० गुणिले १४.४, ७२० वॉट. चार्जरची एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर ८५० च्या आसपास. पॉवर फॅक्टर सुधारणारी सर्किट नसेल आणि तो ०.७ असेल तर जनरेटरला ते १२०० व्हीए वाटतात. १००० चा जनरेटर तिथेच मान टाकतो. चार्जरला आउटपुट कमी करायची सोय असेल तर ३० वर आणा.

सोलर

ह्याचं थोडक्यात. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या चांगलं वर असल्याशिवाय एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा कंट्रोलर) जागा होत नाही. बूमची (शिडाच्या आडव्या दांड्याची) किंवा स्टेची (डोलकाठी धरणाऱ्या तारेची) हातभर सावली अख्ख्या पॅनेलचं उत्पन्न पाडते, तेव्हा कंट्रोलर खोलण्याआधी वर जाऊन बघा सावली कुठे पडलीये.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. भर दुपारी सोलरने व्होल्टेज १४.४ ला नेऊन ठेवलेलं असतं, तुम्ही इंजिन किंवा चार्जर सुरू करता, त्याला वाटतं बॅटरी भरली आणि तो फ्लोटवर जाऊन झोपतो. तुम्ही म्हणता चार्जर बिघडला. कुठलाही सोर्स तपासताना बाकीचे सगळे बंद करायचे, एका वेळी एकच.

इन्व्हर्टर

आधी गणित, कारण लोकांना त्याची कल्पनाच नसते. ८०० वॉटचा मायक्रोवेव्ह म्हणून जो विकतात तो आत ओढतो १२०० च्या आसपास. १२ व्होल्टला ते झाले १००, आणि इन्व्हर्टरचं नुकसान धरून ११० अँपिअरच्या वर. आता माझा तो १२ मिलिओहमचा लग आठवा. ११२ अँपिअरला तो एकटा १.३ व्होल्ट खातो. बॅटरीवर लोडखाली १२ असले तरी इन्व्हर्टरला दिसतात १०.७, आणि बहुतेक इन्व्हर्टर १०.५ ते ११ च्या मध्ये कुठेतरी लो व्होल्टेज म्हणून कट होतात. त्या रात्री मॉनिटरचे ८२ टक्के खोटे नव्हते, बॅटरीत माल होता, इन्व्हर्टरपर्यंत पोचत नव्हता. आणि नव्या बॅटऱ्या चार दिवस का चालल्या, तर त्या काठोकाठ भरून आल्या होत्या, तेवढा ड्रॉप खपून गेला, मग त्याच लगमुळे चार्ज अर्धवट होत होत त्या पण खाली आल्या.

तपासायचं असं. दोन माणसं हवीत. एक जण मीटर इन्व्हर्टरच्या स्वतःच्या डीसी टर्मिनलवर लावून बसतो, दुसरा मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा कप ठेवून तो सुरू करतो. मग तेच बॅटरीच्या पोस्टवर. दोन्हीकडे व्होल्टेज धाडकन पडलं तर बॅटरी कमजोर किंवा बँक लहान. बॅटरीवर ठीक आणि इन्व्हर्टरवर कमी, तर मधली केबल, फ्यूज, स्विच, आणि वरचीच निम्मं-निम्मं पद्धत. दोन्हीकडे उत्तम आणि तरी ट्रिप होतोय तर ओव्हरलोड, नाहीतर तो तापतोय. कॉम्प्रेसर आणि पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट क्षणभर मागतात, चालू झाल्यावरचे वॉट बघून इन्व्हर्टर निवडला की हीच रडकथा. तापत असेल तर पंख्याची जाळी बघा, आणि इन्व्हर्टर इंजिनरूममध्ये किंवा लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या डोक्यावर बसवला असेल तर तो तिथून हलवाच.

केबल जाड आणि आखूड. २००० वॉटला साधारण २०० अँपिअर धरा, दीड-दोन मीटरच्या आत ७० स्क्वेअर मिलिमीटर, त्याहून लांब असेल तर आणखी जाड. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, इन्व्हर्टरला नाही, म्हणून तो बॅटरीच्या जवळ हवा, बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन एबीवायसी संस्थेच्या ई-११ नियमात मूळ अंतर ७ इंच दिलंय, काही सवलती आहेत पण जवळ तेवढं बरं. लिथियम बँक असेल तर क्लास टी फ्यूज घाला, तो २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो, साधा फ्यूज एवढ्या करंटला वितळला तरी आत आर्क चालूच राहू शकते.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना टर्मिनलवर चट्कन ठिणगी उडते, आतले कपॅसिटर भरतात म्हणून. एका वेळी ठीक आहे, पण त्याने लग काळे पडतात आणि हायड्रोजन असेल तर धोका, म्हणून आधी काही सेकंद रेझिस्टरमधून जोडून कपॅसिटर भरून घ्या.

रात्री काही न चालवता बॅटरी उतरते? इन्व्हर्टर नुसता ऑन असला तरी मॉडेलप्रमाणे १ ते २ अँपिअर खात बसतो, म्हणजे दिवसाला २४ ते ४८ अँपिअर-तास. फोन १२ व्होल्टच्या यूएसबीवर चार्ज करा आणि इन्व्हर्टर बंद ठेवा.

आणि आता माझ्याच एका मित्राचा किस्सा. त्याने बोटीची शोअर पॉवरची केबल किनाऱ्याऐवजी थेट इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसली, म्हणजे बोटीतले सगळे पॉइंट चालतील. चालले पण. फक्त बोटीचा बॅटरी चार्जर पण त्याच एसी पॅनेलवर होता. म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरला चालवते, इन्व्हर्टर चार्जरला, चार्जर बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत १०-१५ टक्के उष्णता होऊन जातात. तो मला सांगत होता, बघ, चार्जरचा हिरवा दिवा लागलाय आणि तरी बॅटरी उतरतेय! वॉटर हीटरचंही तेच. अशी जोडणी करायचीच असेल तर हे दोन ब्रेकर आधी खाली पाडायचे. आणि इन्व्हर्टरचं आउटपुट आणि शोअर पॉवर एकाच वेळी एका वायरीवर कधीच येता कामा नये, मध्ये ट्रान्सफर स्विच हवाच, नाहीतर इन्व्हर्टरचा धूर निघतो.

शोअर पॉवर जोडली की आरसीडी पडतो

आरसीडी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. हे प्रकरण बऱ्याचदा न्यूट्रल आणि अर्थच्या जोडाचं असतं. हा जोड एका वेळी एकाच ठिकाणी हवा, जिथून वीज येते तिथे. शोअर पॉवरवर असताना तो किनाऱ्यावर असतो, बोटीत असता कामा नये. इन्व्हर्टर चालू असताना तो इन्व्हर्टरमध्ये हवा. चांगला बोटीचा इन्व्हर्टर-चार्जर आतल्या रिलेने हे आपोआप करतो. साधा इन्व्हर्टर आणून कोणीतरी पॅनेलमध्येच न्यूट्रल-अर्थ कायमचा जोडून टाकलेला असेल तर शोअर पॉवर लावल्या लावल्या थोडा करंट अर्थमधून परत जातो आणि आरसीडी तडक पडतो. तो पडतोय हे नशीब समजा. आरसीडी बायपास करायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, त्या अर्थमधून करंट पाण्यात उतरला तर पोहणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

आणि काही स्वस्त इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्ही वायरींवर निम्मं निम्मं असतं, २३० चा असेल तर अर्थच्या मानाने दोन्हीकडे ११५ दिसतात. त्यांना बाहेरून न्यूट्रल-अर्थ जोडला की ते तत्क्षणी मरतात. मॅन्युअल वाचा.

मॉनिटर खोटं का बोलतो

शंटवाला मॉनिटर फक्त आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजतो. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर शंटची एकच केबल हवी, बाकी सगळं शंटच्या पलीकडे. सुरुवातीला मोजून ठेवलेल्या वायरी आठवा, तिथे सोलरची निगेटिव्ह थेट पोस्टवर असेल तर मॉनिटरला सोलर दिसतच नाही, आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा) तिथे असेल तर त्याचा खर्च दिसत नाही. सगळं बंद करून मॉनिटर शून्य दाखवतो का बघा, मग एकेक वस्तू लावून क्लॅम्प मीटरशी ताडा.

सेटिंगमध्ये बँकेची खरी कपॅसिटी टाका, जुन्या बॅटरीची नवी असतानाची नाही. बॅटरी फुल झाली हे मॉनिटर ज्यावरून ठरवतो ते व्होल्टेज आणि टेल करंट (चार्जिंगच्या शेवटी उरलेला करंट) पण तपासा, साधारण कपॅसिटीच्या २ ते ४ टक्के, म्हणजे ४०० ची बँक असेल तर करंट ८ ते १६ वर उतरेपर्यंत तिला फुल म्हणू नका. ही सेटिंग ढिली असली की मॉनिटर दुपारीच १०० टक्के जाहीर करतो आणि रात्री तुम्ही फसता.

लिथियमवाल्यांसाठी

लिथियम आयर्न फॉस्फेटला वरचे व्होल्टेजचे आकडे लावू नका, ती २० पासून ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ एकाच व्होल्टेजवर बसलेली असते. चार्जिंग १४.२ च्या आसपास, टेंपरेचर कॉम्पेन्सेशन बंद, आणि शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नाही.

बॅटरी अचानक ० किंवा २-३ व्होल्ट दाखवते तेव्हा ती मेलेली नसते, बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) दार लावून घेतलेलं असतं. अशा वेळी बरेच चार्जर सुरूच होत नाहीत कारण त्यांना समोर बॅटरी दिसत नाही. सगळे लोड सोडवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने जागी करा, आणि दार का लावलं ते शोधा, सेल जास्त भरला, जास्त उतरला, गारठला की तापला.

अल्टरनेटर थेट लिथियमला जोडला असेल तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बघू नका, भाजेल. ही बॅटरी पोट भरेपर्यंत मागत राहते, लेड-ॲसिडसारखी आवरत नाही, त्यामुळे अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो आणि आयडलला पंखा पण हळू फिरत असतो. त्यातच बीएमएसने मध्येच दार लावलं की डायोड उडायची तीच वरची कथा. डीसी-टू-डीसी चार्जर किंवा अल्टरनेटरचं तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर, दोनपैकी एक लागतंच.

सगळं नीट झाल्यावर, बोट ठणठणीत असतानाच, हे सगळे आकडे एकदा मोजून बॅटरी लॉकरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी पहाटे साडेतीनला डोकं चालत नाही, तेव्हा नुसतं ताडून बघायचं. माझ्या झाकणावर लिहिलंय: अल्टरनेटर ते बॅटरी, ६० अँपिअरला, पॉझिटिव्ह ०.०९, निगेटिव्ह ०.०६. मायक्रोवेव्ह चालू असताना बॅटरी १२.२, इन्व्हर्टर १२.०. आणि खाली बायकोच्या अक्षरात, आधी लग बघ.